मदत हवी आहे: बीएमडब्ल्यू झेड४ (२०११), ऑइल फिल्टर कोणता घ्यावा आणि ऑइल किती दिवसांनी बदलावं?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ राहते. दीड वर्षापूर्वी दादा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना त्याची झेड४ माझ्या हवाली करून गेला. ३५आय मॉडेल, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं एन५४ इंजिन, दोन टर्बो. गाडी आत्तापर्यंत ६१,००० किमी चालली आहे. किल्लीसोबत त्याने एक निळी वही दिली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, किमी, कोणतं ऑइल, किती लिटर, सगळं त्याच्या बारीक अक्षरात. ही वही मला तितक्याच काळजीने पुढे चालवायची आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

गेल्या वर्षी मे महिन्यात घराजवळच्या एका गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला. मागच्या रविवारी इंजिनवरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, तर फिल्टरच्या झाकणाभोवती ऑइल पाझरून त्यावर धूळ बसलेली. एन५४ मध्ये फिल्टर वरच, पुढच्या बाजूला असतो, त्यामुळे जॅक लावावा लागत नाही. दादाच्या हत्यारांच्या पेटीत फिल्टरचं झाकण उघडायची ८६ मिमीची वाटी होती. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं आणि झाकण सावकाश उघडलं.

झाकणाला अडकून आतला कागदी फिल्टर वर आला. कागदाच्या घड्या एका बाजूला चिकटून बसलेल्या, दुसऱ्या बाजूला बोटभर फट. कडेवर ना कंपनीचं नाव, ना नंबर. झाकणाची रबरी रिंग चपटी पडलेली, नखाने दाबली तर दबत नव्हती. फिल्टरच्या खोक्यातच नवी रिंग येते असं वहीत दादाने लिहून ठेवलंय, म्हणजे गॅरेजने एक तर ती बसवली नाही किंवा खोकंच भलतं होतं. शिवाय बिलात ७ लिटर ऑइल लावलंय. वहीत दर वेळी साडेसहाच आहे. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. विश्वासाने दिलेली गाडी, आणि वर्षभर हे ऑइल टर्बोच्या बेअरिंगमधून फिरत होतं.

आता पहिला प्रश्न फिल्टरचा. वहीत दोन नंबर आहेत: मान कंपनीचा एचयू ८१६ एक्स आणि माहले कंपनीचा ओएक्स ३८७डी. दोन्ही या इंजिनाला बसतात हे मी पडताळलं. या दोघांत काही फरक जाणवतो का? आणि खोकं हातात घेतल्यावर माल अस्सल आहे हे तुम्ही कसं ओळखता?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. गाडीचा कॉम्प्युटर सांगतो, पुढचं ऑइल चेंज अजून १४,००० किमीने. मला ते पटत नाही. १३ महिन्यांत गाडी ४,१०० किमी चालली आणि ट्रिप कॉम्प्युटरवर सरासरी वेग ताशी १७ किमी आहे. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, हे ज्यांचं रोजचं आहे त्यांना आश्चर्य वाटणार नाही. मी हिशोब केला: ४,१०० भागिले १७ म्हणजे इंजिन साधारण २४० तास चाललं. हेच तास हायवेवर ताशी ५० च्या सरासरीने गेले असते तर १२,००० किमी झाले असते. म्हणजे मीटरवर चार हजार, पण ऑइलच्या दृष्टीने बारा. माझा हा विचार बरोबर आहे का?

तिसरं, पावसाळ्यात गाडी जवळजवळ उभीच असते. ऑइल पावसाआधी बदलावं की दसऱ्याच्या सुमारास?

कृपया ज्यांनी टर्बो पेट्रोल गाडी स्वतः सांभाळली आहे त्यांनी अनुभव लिहावा.

प्रतिसाद १ (खारघर)

ताई, आधी एक गोष्ट: गाडी आता चालवू नका. घड्या चिकटलेला फिल्टर ऑइल जाऊ देत नाही, मग दाब वाढून बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट इंजिनात जातं. इंजिन बंद पडू नये म्हणून ती सोय असते, पण वर्षभर त्यावर चालवायचं नसतं.

मान की माहले, यात डोकं शिणवू नका. दोन्ही चांगले. मी तुर्भ्याच्या स्पेअर पार्टवाल्याकडून नंबर लिहिलेलं पक्कं बिल घेतो. खोकं तिथेच उघडून बघा: फिल्टरच्या कडेवर नंबर छापलेला हवा, घड्या सारख्या अंतरावर हव्यात, आणि पुडीत मोठ्या रिंगेसोबत झाकणाच्या दांड्याच्या टोकाची छोटी रिंग आणि चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) नटाचा वॉशर हवा. छोटी रिंग बरेच मेकॅनिक विसरतात. रिंगांना नवं ऑइल बोटाने लावूनच बसवा, कोरडी रिंग पिळली जाते. झाकण आणि नट, दोन्ही २५ एनएमला (न्यूटन-मीटर, आवळायच्या जोराचं माप). झाकणावर तो आकडा कोरलेलाही असतो. टॉर्क पाना नसेल तर कुणाचा तरी मागून आणा, प्लास्टिकचं झाकण जास्त आवळलं की चिरतं.

नवी रिंग बसवूनही पाझर थांबला नाही, तर फिल्टरचं घर जिथे इंजिनाला जोडलंय तिथली गास्केट बघा. एन५४ ची ही नेहमीची जागा आहे. तिथलं ऑइल ठिबकून पट्ट्यावर गेलं की काम वाढतं, म्हणून टाळू नका.

तुमचा तासांचा हिशोब मला पटला. मी माझ्या टर्बो गाडीचं ऑइल ८,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलतो. तुमच्या ट्रॅफिकला मी वर्षाच्या पुढे एक दिवसही जाणार नाही.

प्रतिसाद २ (ठाणे पूर्व)

ताई, ऑइलच्या डब्यावर एलएल-०१ (बीएमडब्ल्यूची ऑइलसाठीची मान्यता) लिहिलेलं आहे ना ते तपासा. गॅरेजवाले कधीकधी सगळ्या बीएमडब्ल्यूंना एलएल-०४ टाकतात, कारण डिझेलसाठी तेच आणून ठेवलेलं असतं. बीएमडब्ल्यूने पेट्रोल इंजिनाला एलएल-०४ ची परवानगी फक्त युरोपात दिली होती, कारण इतर देशांच्या पेट्रोलमध्ये गंधक जास्त असे. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस६ चं १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) गंधकाचं पेट्रोल आहे, तेव्हा आधी पडलं असेल तर घाबरू नका. पण नवीन घेताना एलएल-०१ च घ्या.

पावसाळ्याबद्दल माझं मत ठाम आहे: आधी बदला. जुन्या ऑइलमध्ये जळालेल्या पेट्रोलची आम्लं आणि ओलावा असतो, तो चार महिने बेअरिंगवर बसू देऊ नये. त्याहून महत्त्वाचं, उभी गाडी दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करू नका. एवढ्यात इंजिनातलं पाणी थोडं तापतं, ऑइल मात्र गार राहतं. सिलिंडरमध्ये थेट फवारलेलं पेट्रोल भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, वाफेचं पाणीही त्यातच राहतं. एक तर ऑइलच्या तापमानाचा काटा वर येऊन स्थिरावेपर्यंत, चाळीस मिनिटं तरी, फिरवून आणा, नाही तर बॅटरीला चार्जर लावून उभी ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी पाच मिनिटं चालू करायची चूक मी गेल्या पावसाळ्यात दर आठवड्याला केली. गाडीची काळजी घेतेय असंच मला वाटत होतं.

गॅरेजला फोन केला. डबा कोणता होता ते त्यांना सांगता आलं नाही, म्हणून आहे ते सगळं ऑइल काढून टाकायचं ठरवलंय. मानचा फिल्टर काल मिळाला: नंबर छापलेला, घड्या सारख्या, दोन्ही रिंगा आणि वॉशर आहेत. साडेसहा लिटर एलएल-०१ ५डब्ल्यू-३० पण घेतलं. या गाडीला ऑइल मोजायची काडी नाही, त्यामुळे सहा लिटर टाकून, इंजिन गरम करून स्क्रीनवरची पातळी बघेन आणि उरलेलं थोडं थोडं घालेन.

एकच विचारायचं राहिलं. जुना फिल्टर मी कापून कागद उलगडणार आहे. त्यात धातूचे कण दिसले तर चुंबकाला चिकटणारे कोणते आणि बेअरिंगचे कोणते, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १ (खारघर)

कागद पांढऱ्या ताटात ठेवून उन्हात बघा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड-पोलाद. न चिकटणारे चमकदार कण ॲल्युमिनियमचे असू शकतात किंवा बेअरिंगचे, नुसत्या डोळ्यांनी त्यात खात्रीने फरक करता येत नाही. पिठासारखी बारीक काळी पूड असेल तर ती काजळी, तिची चिंता नको. बोटाला टोचतील असे पापुद्रे आढळले तर नवं ऑइल टाकायच्या आधी इथे फोटो टाका. आणि जुन्या ऑइलचा थोडा नमुना कोरड्या स्वच्छ बाटलीत काढून ठेवा, प्रयोगशाळेत तपासायची वेळ आली तर लागेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

नमुना काढून ठेवते. रविवारी सकाळी काम करणार आहे, दुपारपर्यंत फोटो टाकते.