आरतीच्या वेळी पोरगा गॅलरीत जाऊन उभा राहतो. जाऊ द्यावं का?

गिरगावकरीण: दीड दिवसाचा गणपती, चाळीतली एकच खोली. यंदा आरती सुरू होताच नववीतला लेक टाळ ठेवून गॅलरीत गेला. "पटत नाही, तर नुसतं तोंड कशाला हलवू?" सासूबाई आरतीभर डोळे पुसत होत्या. आणि मखराचं लायटिंग केलेलं यानंच, चौपाटीपर्यंत मूर्तीही यानंच नेली! मी ओरडले नाही. चुकलं का?

लालबागचा जुना: चुकलं. आरतीला श्रद्धा कोण मोजतंय? घरच्यांसोबत उभं राहायचं, एवढंच. उद्या म्हणेल, आजीला नमस्कार करणं पटत नाही.

मानसशास्त्र_शिकतेय: काका, आजी समोर दिसते तरी! वाढत्या वयात 'मी कोण' ही ओळख घडते, हा मानसशास्त्रज्ञ एरिक्सनचा विचार पुढे नेत मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शियानं १९६६ मध्ये मुलाखतींत मुलांना करिअर, धर्म आणि राजकारण यांबद्दल विचारलं. पर्याय तपासलेत का? काही पक्कं धरलंय का? न तपासता घरचंच धरलं, तर ती उसनी ओळख. हा अजून तपासतोय. लगेच नास्तिक म्हणू नका.

लालबागचा जुना: ती अमेरिकेतली कॉलेजची मुलं. आमच्याकडे पोरगा गॅलरीत आला की अख्ख्या मजल्याला कळतं. आजीनं तोंड कुठे लपवायचं?

परळची पोर: मला हात धरून उभं करायचे. आता एकवीसची आहे, गणपतीत ऑफिसात मुद्दाम ज्यादा शिफ्ट मागून घेते. देवावर राग नाही हो, तो हात आठवतो.

मुलुंडकर: रील्स बघून आलेला नास्तिकपणा. तोही उसनाच की! बापाऐवजी यूट्यूबवाल्याकडून घेतलेला.

मानसशास्त्र_शिकतेय: हे मात्र मान्य. म्हणूनच ताई, काय पटत नाही ते त्यालाच विचारा.

गिरगावकरीण: काल विचारलं. रील्स नाहीत, मुलुंडकर. आजोबांच्या ऑपरेशनच्या वेळी सासूबाई नवस बोलल्या होत्या. ते गेले. तरी सासूबाईंनी एकवीस नारळांचं तोरण वाहिलं. "का वाहिलं?" एवढंच त्याला हवंय. मला सांगता येईना. आजीला विचार म्हटलं, तर म्हणाला, "ती रडेल."

लालबागचा जुना: हे आधी लिहायचं होतंत. तरी आरतीला उभं राहायला हवं होतं, हे माझं मत कायम. नवसाचं मात्र आजीलाच विचारू दे. रडल्या तर रडू देत.