कासला माझा डीएसएलआर मुलाच्या फोनपुढे हरला. विकून टाकू का?

यवतेश्वरघाट (सातारा)
नमस्कार मंडळी. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला कॅनन १५००डी घेतला, सोबत छोटी १८-५५ आणि मोठी ५५-२५० (मिलिमीटर) अशा दोन लेन्स. शाळेत शिकवते, त्यामुळे फिरणं सुट्टीतच. बाकी वर्षभर कॅमेरा कपाटात. दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत मात्र आठवणीने बाहेर येतो, झेंडूचा हार घालून परत आत. आमचे अहो त्याला 'देव्हाऱ्यातला' म्हणतात.

मागच्या रविवारी पहाटेच कास पठारावर गेलो. धुकं, भुरभुर पाऊस, 'सीतेची आसवं' ही फुलं नुसती पसरलेली. मी उभी राहून मोठ्या लेन्सने सत्तर-ऐंशी फोटो काढले. घरी येऊन बघते तर निम्मे हललेले, बऱ्याच फोटोंत फूल सोडून मागचं गवत स्पष्ट, आणि काहींत तर पांढरे गोल गोल ठिपके, जणू कुणी साबणाचे फुगे सोडलेत. मुलाने त्याच ठिकाणी फोनवर काढलेले चार फोटो बघून सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "ह्याचंच बरं आलंय की गं."

दुसरं म्हणजे छोटी लेन्स उजेडाकडे धरली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघ दिसते. कापडाने पुसून जात नाही. विकावा का?

हळदगल्ली (सांगली)
ताई, पांढरे गोल म्हणजे धुक्याचे थेंब. तुमची डायल हिरव्या 'ए प्लस'वर, म्हणजे सगळं कॅमेराच ठरवतो त्यावर असणार. अंधार वाटला की त्यात फ्लॅश आपणहून टुणकन वर येतो आणि लेन्ससमोरचे थेंब पांढरेफेक पडतात. लग्नाचे फोटो काढतोय गेली वीस वर्षं, सुरुवातीला आमच्या पोराने एका वरातीत पावसात हेच केलं होतं. नवरदेवाच्या तोंडावर चंद्रच चंद्र! फुकट अल्बम द्यावा लागला.

डायल 'टीव्ही'वर न्या, त्यात शटरचा वेग आपण ठरवायचा. शटर १/३२० सेकंद ठेवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो. वाऱ्यावर डुलणाऱ्या फुलाला १/६० पुरत नाही, लेन्सचं स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतं, फुलाचं देठ नाही. फोकसचे नऊ ठिपके आहेत, त्यातला मधला एकच निवडा. नाहीतर कॅमेरा त्याला सोपं वाटेल ते धरतो, म्हणजे गवत.

आणि त्या फुलांना मोठी लेन्स कशाला लावली? किटमधली ५५-२५० असेल तर १.१ मीटरच्या आत फोकसच होत नाही. छोटी १८-५५ मात्र २५ सेंटीमीटरवर चालते. हे अंतर काचेपासून मोजायचं नाही, बॉडीवर एक गोल आणि त्यातून आडवी रेघ अशी खूण असते, सेन्सर तिथे असतो, तिथून मोजायचं. म्हणजे ५५ वर झूम केलं की काच फुलापासून अर्ध्या वितीवर नेता येते. बसा खाली आणि काढा.

पिक्सेलपाटील
फोन जिंकला यात नवल नाही. तो एका टिचकीत अनेक फ्रेम घेऊन जोडतो, आकाश दाबतो, सावली उजळतो. आपला कॅमेरा एकच फ्रेम देतो आणि गप्प बसतो. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात उजळा. खरं तर १०० एमएमची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची लेन्स घ्या, प्रश्नच मिटेल.

यवतेश्वरघाट (सातारा)
पाटीलसाहेब, मॅक्रोच्या पैशात आमच्या स्वयंपाकघराचा ओटा होतोय. ओट्याचा नंबर आधी.

रानवाट
'बसा खाली' वाचून घाबरलो. हळदगल्लीदादा, कासला लोक फोटोसाठी फुलांवर अक्षरशः आडवे होतात. सीतेची आसवं कातळावरच्या ओल्या, पातळ मातीत वाढतात. ही वनस्पती कीटकभक्षी आहे, सूक्ष्म जीव पकडायच्या पिशव्या त्या चिखलातच असतात. गुडघा टेकला की पंचवीस-तीस रोपं गेली. वाटेच्या कडेला मिळेल तेच घ्या. लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघत, कॅमेरा खाली धरा आणि भिंगाचं बटण दाबून दहापट मोठं करून हाताने फोकस करा. पडदा फिरत नाही, त्यामुळे मान वाकडी होते खरी.

छोट्या लेन्समधलं जाळं म्हणजे बुरशी. साताऱ्याचा पावसाळा आणि बंद कपाटातली बॅग, दुसरं काय होणार? स्वतः उघडू नका. इतकी बारीक रेघ सहसा फोटोत उतरत नाही, उजेडासमोर धरलं तर थोडं धुरकट येईल. साफ करायचा खर्च आधी विचारा, किट लेन्स जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. आणि कॅमेरा, लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून ठेवा. तांदळात नको, पीठ आत जातं.

यवतेश्वरघाट (सातारा)
कासला लगेच जाणं जमलं नाही. गच्चीवर तुळशीच्या मंजिरीवर हात बसवला. १/३२०, मधला ठिपका, छोटी लेन्स. चाळीसातले तीन बरे आले. एकात मंजिरीवरची मुंगी, तिच्या पायाची लव दिसतेय! सासूबाईंना दाखवलं तर "मुंग्या झाल्यात, हळद टाक" म्हणाल्या.

शेवयांचा मोठा डबा रिकामा केला. सगळ्या नातेवाइकांच्या चपलांच्या खोक्यांतल्या अकरा पुड्या जमवून त्यात टाकल्यात. चालेल ना?

रानवाट
नाही चालणार. त्या पुड्या खोक्यातच ओल पिऊन बसलेल्या असतात. सुटे रंगीत दाणे आणा. निळे असतील तर ओल धरली की गुलाबी होतात, मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे. फक्त पोळीच्या तव्यावर नको, त्या निळ्यात कोबाल्ट असतं. एखादं जुनं भांडं काढा.