‘प्रेक्षणीय’ चित्रपट म्हणजे काय, पांडवलेणी?

द्राक्षवेल
नाशकात, आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत महिन्यातून एकदा गच्चीवर पिक्चर दाखवतो. पडदा म्हणजे डबल बेडची चादर. पुढच्या सहा पिक्चरची यादी नोटीस बोर्डावर लावायची म्हणून मी मथळा दिला, ‘प्रेक्षणीय चित्रपट’. तळमजल्यावरचे काका (मराठीचे निवृत्त शिक्षक) चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "प्रेक्षणीय म्हणजे पांडवलेणी, रामकुंड, काळाराम. पिक्चर प्रेक्षणीय नसतो, स्थळ असतं."
व्युत्पत्तीने माझंच बरोबर आहे. प्रेक्षकाने बघावं असं ते प्रेक्षणीय. पण तेव्हापासून तो शब्द वाचला की मला सहलीची बसच दिसते.
दुसरी अडचण यादीतच. ‘अपारंपरिक वेस्टर्न’ वाचून सेक्रेटरींनी विचारलं, "सोलरचं काही आहे का?" आणि त्यांच्या मिसेसनी विचारलं, "गच्चीवर कमोड बसवताय?" खालच्या ओळीत ‘ॲनिमेटेड म्युझिकल’ आहे, त्यावर अजून कोणी बोललेलं नाही. सुचवा काहीतरी. शनिवारपर्यंत हवंय.

तिरकसराव
सेक्रेटरींना हसू नका. शाळेच्या भूगोलापासून ‘अपारंपरिक’ म्हटलं की पुढे ‘ऊर्जा’च येते. तो शब्द आता महावितरणला देऊन टाकलेला आहे. ‘चाकोरीबाहेरचा’ घ्या. चाकोरी गाडीच्या चाकांचीच, आणि त्या पिक्चरांत गाड्या असतातच.

जुनी_तिकिटं
आमच्या लहानपणी वेस्टर्न-बिस्टर्न कोणी म्हणत नव्हतं. रविवारी सकाळी मॅटिनीला ‘घोड्यांचा पिक्चर’ लागायचा. थोरला भाऊ रांगेत उभा राहायचा, मी सायकल धरून बाहेर. इंग्रजीचं अक्षर कळायचं नाही, पण माणसाने टोपी डोळ्यांवर ओढली की गोळी सुटणार, एवढं कळायचं. घरी आल्यावर आई विचारायची, "आज काय होतं?" "घोडे." संपला विषय. आमच्याकडे प्रकार पाचच होते : घोड्यांचा, मारामारीचा, भुताचा, देवाचा आणि रडका. कार्टून त्यात नव्हतं, कारण ते मुख्य पिक्चरच्या आधी फुकटात दाखवायचे, त्याला कोण पिक्चर म्हणणार?

पंचवटीकर
‘घोड्यांचा पिक्चर’ बोलायला ठीक, बोर्डावर लावायला नाही. भगूर इथून हाकेच्या अंतरावर आहे हे विसरू नका. चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, मध्यंतर, नेपथ्य हे शब्द सावरकरांनी दिले आणि आज ते परके वाटत नाहीत. त्याच साच्यात वेस्टर्नला ‘पश्चिमपट’ आणि ॲनिमेशनला ‘सचेतपट’ का नकोत? दोन वर्षं वापरा, रुळतील.

ऱ्हस्वदीर्घ
पंचवटीकर, ‘नेपथ्य’ त्या यादीतून काढा. ‘नेपथ्ये’ ही रंगसूचना कालिदासाच्या नाटकात आहे. जुन्या शब्दाला नवा अर्थ मिळाला म्हणून तो नवा शब्द होत नाही.
आणि ‘बोलपट’ रुळला म्हणता? बोलपट बघायला आपण जायचो कुठे, तर टॉकीजला! बोलपटाला मराठी नाव दिलं आणि इमारतीला इंग्रजी. पुढे बोलपट गेला, टॉकीज राहिली.
‘पश्चिमपट’ तर मुळातच लंगडा. त्यातली पश्चिम अमेरिकेची, पण लिओनेसारख्या इटालियन दिग्दर्शकाने आपले प्रसिद्ध पिक्चर बरेचसे स्पेनमध्ये, अल्मेरियाच्या माळावर चित्रित केले. कुणाची पश्चिम म्हणायची ती?

कसमादे
नाशिककरांना नाशिक म्हणजे पंचवटी ते कॉलेज रोड एवढंच वाटतं. जिल्ह्यात मालेगाव पण आहे. तिथल्या ‘मालेगाव के शोले’त डाकू घोड्याऐवजी सायकलवर येतात. पैसे नव्हते, सायकली होत्या. 1975 च्या मूळ ‘शोले’ला लोक ‘करी वेस्टर्न’, म्हणजे देशी वेस्टर्न, म्हणतात, मग याच्याइतका चाकोरीबाहेरचा वेस्टर्न दुसरा दाखवा. ‘घोडेपट’ तिथेच बाद होतो.
आणि मथळ्याचं म्हणाल तर आमच्याकडे अहिराणीत ‘देख’ म्हणतात. ज्ञानेश्वरीत पावलोपावली ‘देखे’ आहे. प्रमाण मराठीने क्रियापद सोडलं आणि ‘देखणा’ तेवढा ठेवला. देखणा माणूस चालतो, मग ‘देखणे चित्रपट’ का नको?

तिरकसराव
कारण देखणा पिक्चर म्हणजे ज्यात फक्त कॅमेरा चांगला.

तानपुरा
कोणी ‘म्युझिकल’बद्दल बोलतच नाही म्हणून मी बोलते. त्याला शब्द शोधायची गरजच नाही, आपल्याकडे 1880 पासून आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’, दोन वर्षांनी ‘संगीत सौभद्र’. नावाआधी ‘संगीत’ लावलं की प्रेक्षकाला कळायचं, पदं आहेत, उशीर होणार, डबा बरोबर घ्या. बोर्डावर पिक्चरच्या नावाआधी ‘संगीत’ लिहा.

पंचवटीकर
‘संगीतिका’ हा शब्द आहे की.

तानपुरा
संगीतिका म्हणजे ऑपेरा, त्यात साधं बोलणंसुद्धा गाऊन. मध्येच थांबून गाणारे ते आपले ‘संगीत’. आपल्याला या प्रकाराला वेगळा शब्द कधी लागला नाही, कारण बिनगाण्याचा हिंदी पिक्चर हाच अपवाद. खरं तर ‘बिनसंगीत’ असा शब्द पाडायला हवा होता.

जुनी_तिकिटं
ॲनिमेशनवरून आठवलं. फाळक्यांनी आगकाड्यांची हालचाल दाखवणारा एक छोटा पट केला होता, ‘आगकाड्यांची मौज’. आणि त्याआधी, ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, मटाराचं रोप उगवताना एकेक चौकट टिपत पट केला होता. वडील आम्हाला ते सांगायचे तेव्हा ‘हलती चित्रं’ म्हणायचे. शाळेत मी तोच शब्द लिहिला, तर बाईंनी त्यावर लाल रेघ मारून ‘चलच्चित्रे’ केलं. चलत्, हलती. अर्थात काय फरक पडला, मला अजून कळलेलं नाही.

ऱ्हस्वदीर्घ
फरक जोडाक्षराचा. बाईंना ‘च्च’ आवडत असेल.

पंचवटीकर
ही थट्टा सोपी आहे. फाळके त्र्यंबकचे, ‘मोहिनी भस्मासुर’ 1913 मध्ये नाशकात झाला, आणि त्याच गावात आपल्याला यादीला मराठी शब्द सापडत नाही. लाज वाटते.

तिरकसराव
फाळक्यांनी स्वतः जाहिराती इंग्रजीतही केल्या हो. धंदा कळत होता त्यांना.

द्राक्षवेल
मथळ्याचं कोणी सांगेल का? ‘पाहण्यासारखे’ लिहिलं तर मुलगा म्हणतो "बघणेबल लिही". काका म्हणतात ‘पाहण्याजोगे’.

ऱ्हस्वदीर्घ
काका बरोबर. ‘जोगा’ हा ‘योग्य’चाच घरातला कपडा. ‘पाहण्याजोगा’त लायकी आहे, ‘पाहण्यासारखा’त थोडं कौतुक. भांडण पाहण्यासारखं असतं, पाहण्याजोगं नसतं.

कसमादे
‘लायकी’ अरबी हो. शुद्धीकरण सुरूच केलंय तर पुरं करा.

तानपुरा
अहो ताई, पिक्चर कोणता दाखवताय ते तरी सांगा. एवढ्या वेळात कोणी विचारलंच नाही.

द्राक्षवेल
दोन्ही ओळींना एकच आहे म्हणून तर घोळ! ‘रँगो’, 2011 चा. ॲनिमेशन आहे, वेस्टर्न आहे, आणि चार घुबडं मध्ये मध्ये येऊन वाद्यं वाजवत नायकाचं पुढे काय होणार ते गाऊन सांगतात. गावातलं पाणी आटलेलं, उरलेलं बँकेच्या तिजोरीत. आमच्या टँकरवाल्या सोसायटीला समजावून सांगावं लागणार नाही.

तानपुरा
घुबडं म्हणजे सूत्रधार! मग ‘संगीत रँगो’च. नांदीसकट.

ऱ्हस्वदीर्घ
नांदीनंतर येतो सूत्रधार. आणि चार सूत्रधार नसतात.

द्राक्षवेल
‘संगीत रँगो (पाहण्याजोगा)’ असं लिहून आले बोर्डावर. खाली एक ओळ : ‘एका सरड्याची गोष्ट’. काकांनी लगेच पेन काढलं.

कसमादे
बरोबर काढलं. तो शॅमेलिऑन आहे. सरडा म्हणजे कुंपणावरचा. शॅमेलिऑनला घोयरा म्हणतात.

जुनी_तिकिटं
घोयरा? आमच्याकडे नाही कधी ऐकला. रंग बदलतो तो सरडाच की.

पंचवटीकर
कोकणातला शब्द वाटतोय. यासाठी वेगळा धागा काढावा.