मदत हवी आहे: बेकारी वाढली, तरी थकलेली कर्जं कमी कशी झाली?

मंडळी,

आमच्या वाचनगटात दर महिन्याला एकजण एखादा विषय मांडतो. या खेपेला माझी पाळी आहे आणि मी मोठ्या हौसेने 'मंदी, घरगुती कर्जं आणि सरकारी दिलासा' हा विषय घेऊन बसलोय. अर्थशास्त्राशी माझा संबंध नाही. पस्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे आकडे तरी आपल्याला घाबरवणार नाहीत असं वाटलं होतं. ते आता अंगावर आलेत.

अडलंय ते असं. २००८ च्या मंदीत अमेरिकेतली बेकारी चढत चढत ऑक्टोबर २००९ ला १० टक्क्यांवर पोचली आणि घरकर्जं धडाधड थकली. पगार गेला की हप्ता जाणार, यात न समजण्यासारखं काही नाही. एप्रिल २०२० मध्ये तीच बेकारी जवळपास १५ टक्के झाली. म्हणजे दीडपट. मग थकबाकीचं काय व्हायला हवं होतं? न्यूयॉर्क फेडच्या (अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेच्या) अहवालात घरगुती कर्जांतला थकीत वाटा २०२० च्या पहिल्या तिमाहीत ४.६ टक्के होता, तो दुसऱ्या तिमाहीत ३.६ झाला. उतरला!

बरं, तिथलं काहीतरी वेगळं असेल म्हणून मॉर्टगेज बँकर्स असोसिएशनची, म्हणजे घरकर्ज देणाऱ्यांच्या संघटनेची, पाहणी उघडली. तिच्यात त्याच दोन तिमाहींत थकीत घरकर्जांचं प्रमाण ४.३६ वरून ८.२२ टक्क्यांवर गेलंय. देश तोच, महिने तेच. एक आलेख खाली जातोय, दुसरा जवळजवळ दुप्पट होतोय.

दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? आणि दिलाशाने थकबाकी खरोखर कमी होते की फक्त झाकली जाते, हे ठरवायचं कसं? भाषण दहा दिवसांवर आलंय. जाणकारांनी जरा सोप्या भाषेत सांगावं. लिंका देऊन बोळवण करू नये, त्या वाचूनच ही अवस्था झाली आहे.

— वजाबाकी

*

खतावणी:
सर, कुणीच खोटं बोलत नाहीये. मी बँकेत कर्जवसुलीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी 'थकीत' या शब्दाबद्दल सांगतो.

हप्ता आला नाही म्हणून खातं आपोआप थकीत होत नाही. ते थकीत दाखवायचं असं नियम सांगतो तेव्हा होतं. आपल्याकडे हप्ता चुकला की खातं एसएमए-० मध्ये (नजर ठेवायच्या खात्यांच्या पहिल्या पायरीवर) जातं, तीस दिवस उलटले की एसएमए-१, साठ उलटले की एसएमए-२ आणि नव्वद दिवसांनंतर एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. हे दिवस मोजणारं घड्याळ असतं. दिलासा म्हणजे बहुतेक वेळा सरकारने किंवा नियामकाने हे घड्याळ थांबवणं. माणसाच्या खिशात पैसे आले की नाही, ही भानगड निराळी.

अमेरिकेत २७ मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने हेच केलं. सरकारी पाठबळ असलेल्या घरकर्जावर 'साथीमुळे अडचणीत आहे' एवढं सांगायचं, कागद जोडायचा नाही. १८० दिवस हप्त्यांना सूट, मागितली तर आणखी १८० दिवस. आणि सूट घेण्याआधी खातं नियमित असेल तर पतनोंदीतही (कोण कर्ज कसं फेडतो याच्या क्रेडिट ब्यूरोकडच्या नोंदीतही) ते नियमितच दाखवायचं.

आता तुमचे दोन आलेख बघा. न्यूयॉर्क फेड पतनोंदीवरून मोजतं. नोंदीत 'नियमित' लिहिलंय म्हटल्यावर ते नियमितच धरणार. असोसिएशनची पाहणी विचारते की मूळ करारातला हप्ता आला का. नाही आला, तर सूट असो वा नसो, थकीत. शिवाय पहिल्यात कार्ड, गाडी, शिक्षण सगळी कर्जं आहेत, दुसऱ्यात फक्त घरकर्ज. भाषणात दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावा, अर्धं काम तिथेच होईल.

*

वजाबाकी:
अहो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते. म्हणजे न्यूयॉर्क फेडच्या आलेखातली उतरण निव्वळ नोंदीची करामत?

*

तळटीप:
'निव्वळ' म्हणू नका, तिथे फसाल. नोंद थांबवली तर आकडा जिथल्या तिथे राहील, खाली कशाला येईल? तो आला, याला त्याच महिन्यांत घरांमध्ये आलेला पैसाही कारण होता. बहुतेक प्रौढांना १२०० डॉलरपर्यंतचा धनादेश आणि बेकारभत्त्यावर आठवड्याला जादा ६०० डॉलर, जुलै २०२० अखेरपर्यंत. कमी पगाराच्या कित्येकांना नोकरी असतानापेक्षा भत्ता जास्त मिळत होता. क्रेडिट कार्डाची एकूण बाकी त्या तिमाहीत चक्क घटली, कारण खर्च आखडला होता आणि लोकांनी जुनी देणी फेडली. सूट मागून ठेवली तरी सुरुवातीला हप्ता भरत राहणारेही पुष्कळ होते. छत्री घेतली, पाऊस आला नाही, असा प्रकार.

त्यामुळे दिलाशाचे दोन वेगळे रकाने करा. एक घड्याळ थांबवणारा, दुसरा खिशात पैसे घालणारा. २००९ मध्ये पहिला फार उशिरा आणि कंजूषपणे आला, दुसरा बेताचाच होता. २०२० मध्ये दोन्ही एकदम आले.

*

अर्धशिशी:
सगळं छान, पण प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्यांनी काय पाप केलंय? सूट मिळणार हे कळलं की भरू शकणारेही हात वर करतात. माफीने सवयी बिघडतात हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला लागतो?

*

तळटीप:
भीती खोटी नाही, पण या भीतीपायी काय झालं तेही बघा. ओबामा सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये हॅम्प नावाची योजना जाहीर केली. हप्ता उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा, ३० ते ४० लाख घरं वाचवायची. अपात्र माणूस घुसू नये म्हणून उत्पन्नाचे पुरावे, अडचणीचं पत्र, तीन महिने चाचणी हप्ते, मग पुन्हा छाननी. कागद हरवायचे, नव्याने मागवले जायचे, तोवर घरावर जप्तीची प्रक्रिया चालूच. २०१६ अखेर योजनेत प्रवेश बंद झाला तेव्हा पक्का बदल मिळालेली कर्जं १६ लाखांच्या पुढे होती. ठरवलेल्याच्या निम्मी म्हणा. लबाड गाळायला लावलेल्या चाळणीत गरजूही अडकले.

याच योजनेच्या नोंदींवरून पीटर गॅनाँग आणि पास्कल नोएल या अर्थतज्ज्ञांनी एक शोध घेतला, तो तुमच्या भाषणाला फार उपयोगी पडेल. घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालेल्या काही लोकांचं मुद्दल कमी केलं, पण मासिक हप्ता तेवढाच राहिला. त्यांच्या बुडण्यात फरक पडला नाही. जिथे हप्ता कमी झाला, तिथे थकणं घटलं, मुद्दल तेवढंच असलं तरी. माणूस हिशेब करून कर्ज बुडवतो या समजाला हा मोठा धक्का आहे. बहुतेकजण महिन्याच्या पाच तारखेला पैसे नसतात म्हणून थकतात.

*

अर्धशिशी:
'बहुतेकजण' ठीक. उरलेल्यांचं मी म्हणत होतो. असो, हप्ता आणि मुद्दल वेगळं करण्याचा मुद्दा पटला.

*

वजाबाकी:
छान चाललंय. आता आपल्याकडचं. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला तीन महिन्यांची हप्तेसवलत दिली आणि मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पण ती घेतलेले लोक पुढे चिडलेले का होते? हप्ते तर थांबले होते ना?

*

खतावणी:
हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. टेबलासमोर बसून हे समजावताना घसा कोरडा पडायचा. तुम्ही गणिताचे, तर स्वतःच करून बघा: बाकी १०० धरा, व्याज ८ टक्के, २० वर्षं शिल्लक. सहा हप्ते न भरता व्याज मुद्दलात मिळवा आणि हप्ता तोच ठेवून किती महिने लागतात ते काढा. मग हेच गणित दोन वर्षं उरलेल्या कर्जाला लावा.

*

वजाबाकी:
केलं. दोनदा केलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

२० वर्षांचं: सहा महिन्यांत १०० चे १०४.०७ होतात. हप्ता ०.८३६. राहिले होते २४० हप्ते, आता लागतात साधारण २६६. म्हणजे सहा हप्ते टाळले आणि सव्वीस जास्तीचे पदरात पडले! सवलतीचे सहा महिने धरून कर्ज ३२ महिने उशिरा संपणार.

दोन वर्षांचं: २४ च्या जागी २५ हप्ते. एकच जास्त.

कारण उघड आहे, सुरुवातीच्या हप्त्यात मुद्दल जेमतेम पाचवा भाग असतं, बाकी सगळं व्याज. पण हे वर्गात चक्रवाढ शिकवताना मला एकदाही सुचलं नाही याची लाज वाटते. सवलत एकच, पण नवं कर्ज असलेल्याला आणि फेडत आलेल्याला तिची किंमत किती वेगळी!

मग ते व्याजावरचं व्याज सरकारने परत केलं होतं ना?

*

खतावणी:
केलं. ऑक्टोबर २०२० ची योजना, दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना, सहा महिन्यांचं चक्रवाढ आणि सरळव्याज यांतला फरक. तुमच्याच उदाहरणात फरक काढा: १०४.०७ उणे १०४. लाखामागे ६७ रुपये. लोकांना वाटलं व्याज माफ झालं, हातात आलं ते हे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये निकाल दिला, की त्या काळाचं चक्रवाढ किंवा दंडव्याज कुणाकडूनही घेऊ नये, पण पूर्ण व्याजमाफी मिळणार नाही. ठेवीदारांना व्याज द्यावंच लागतं हा बँकांचा मुद्दा होता, आणि खरं सांगायचं तर तो बिनतोड होता. पैसे बँकेने सोडायचे नसतील तर सरकारी तिजोरीतून यायला हवेत. ही मधली रक्कम कुणाच्या अंगावर पडणार, कुठल्याही दिलाशात भांडण एवढंच असतं.

अमेरिकेत फॅनी मे आणि फ्रेडी मॅक (बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या, सरकारी पाठबळाच्या संस्था) यांच्या कर्जांवर राहिलेले हप्ते उचलून कर्जाच्या शेवटी ठेवायची सोय झाली, त्या रकमेवर व्याज नाही. मासिक हप्ता तोच. म्हणून तिथे सहाचे सव्वीस झाले नाहीत.

*

निवांत:
मध्येच तोंड घालतो. जुनी उदाहरणं हवी असतील तर १९३३ चं होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन सोडू नका. महामंदीत सरकारी महामंडळाने थकलेली घरकर्जं सावकारांकडून रोखे देऊन उचलली आणि घरमालकांना पंधरा वर्षांच्या समान हप्त्यांवर नवी करून दिली. जवळपास दहा लाख कर्जं. त्यांतलं पाचांपैकी एक घर तरीही गेलं, हेही सांगा. १९५१ मध्ये गाशा गुंडाळला तेव्हा महामंडळाचा हिशेब किंचित नफ्यात होता.

हंगेरीही रंजक आहे. लोकांनी स्विस फ्रँकमध्ये घरकर्जं काढली होती, २००८ नंतर हंगेरीचं चलन फोरिंट पडलं आणि हप्ते फुगले. २०१४ च्या शेवटी सरकारने ती कर्जं फोरिंटमध्ये बदलायचा कायदा केला आणि विनिमय दर त्या नोव्हेंबरमधलाच बांधून टाकला. जानेवारी २०१५ मध्ये फ्रँक एका दिवसात उसळला. दोन महिने उशीर झाला असता तर काय झालं असतं, विचार करा. धोरण म्हणा की नशीब म्हणा.

*

वजाबाकी:
हंगेरी घेतोच. आता शेवटचा अडसर. 'झाकलेली थकबाकी' श्रोत्यांना एका चित्रात दाखवायची आहे. घड्याळ पुन्हा सुरू झाल्यावर काय होतं याचं स्वच्छ उदाहरण कुठलं?

*

तळटीप:
अमेरिकेतली सरकारी शिक्षणकर्जं. मार्च २०२० पासून हप्ते बंद आणि व्याज शून्य. साडेतीन वर्षांनी हप्ते सुरू झाले, पण पुढचं एक वर्ष चुकलेला हप्ता पतनोंदीत कळवायचा नाही अशी मुभा होती, ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत. त्यामुळे न्यूयॉर्क फेडच्या आकड्यांत ९० दिवसांहून जास्त थकलेलं शिक्षणकर्ज २०२४ च्या शेवटच्या तिमाहीतही १ टक्क्याहून कमी दिसतं. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत ते जवळपास ८ टक्के. तीन महिन्यांत एवढी माणसं अडचणीत आली का? ती आधीपासूनच होती, यादीत नव्हती.

घरकर्जांत मात्र असा कडा दिसत नाही. सूट संपली तेव्हा नोकऱ्या परत आल्या होत्या, घरांच्या किमती चढल्या होत्या आणि राहिलेले हप्ते शेवटी ढकलता येत होते. दोन्ही चित्रं दाखवा, नाहीतर अर्धशिशी पुन्हा उठून उभे राहतील.

*

अर्धशिशी:
उभा राहणारच आहे. भाषणाचा मसुदा इथे टाका.

*

वजाबाकी:
टाकतो रविवारी. तक्ता तयार केलाय: योजना, घड्याळ थांबलं का, खिशात पैसे आले का, मधल्या व्याजाचा भार कुणावर. शेवटचा रकाना खतावणींमुळे सुचला. शिक्षणकर्जाच्या ओळीत 'व्याज आणि हप्ते पुन्हा सुरू: ऑक्टोबर २०२३' असं लिहिलंय, बरोबर ना?

*

तळटीप:
हप्ते ऑक्टोबर. व्याज सप्टेंबरपासूनच सुरू झालं होतं. तेवढं सुधारा.