एफएसएच नॉर्मल आला, मग विसरभोळेपणाचा हार्मोनशी संबंध नाही का?

शब्दशोध:
वय ४७. पाळी कधी २२ दिवसांनी, कधी ५० दिवसांनी. बोलताना ऐन वेळी साधा शब्द आठवत नाही, रात्री घामाने जाग येते. एफएसएच (बीजकोशांना चालना देणारा हार्मोन) एकदा रक्तात तपासला, तो नॉर्मल. म्हणजे हार्मोनचा प्रश्न मिटला का? आणि हार्मोनच्या गोळ्यांनी पुढे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळतो की वाढतो? दोन्ही वाचायला मिळतं.

मंजिरी_क:
अजिबात मिटला नाही. पाळी जाण्याआधीच्या या काळात इस्ट्रोजेन, म्हणजे बीजकोशांतून येणारा मुख्य स्त्री-हार्मोन, एकसारखं उतरत जात नाही. ते हेलकावे खातं, मधूनच तरुणपणापेक्षाही वर जातं. एफएसएच त्याच्या उलट नाचतो. त्यामुळे आज नॉर्मल आलेला आकडा तीन आठवड्यांनी भलताच चढलेला दिसू शकतो. पंचेचाळिशीनंतर पाळीचा बदललेला क्रम आणि लक्षणं यांवरूनच निदान करतात.

शब्द न आठवणं खरंच या काळातलं आहे. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी घडवणाऱ्या भागात, इस्ट्रोजेनचे रिसेप्टर (ते जिथे चिकटून काम करतं त्या जागा) असतात. मादी उंदरांच्या चार-पाच दिवसांच्या चक्रातसुद्धा तिथल्या चेतापेशींवरचे काटे, म्हणजे जोडण्यांच्या जागा, कमी-जास्त होतात, हे १९९० मध्येच दिसलं होतं. बायकांच्या दीर्घकालीन पाहणीत नवं शिकण्याचा वेग पाळी जाण्याच्या काळात मंदावला आणि ती गेल्यावर बऱ्यापैकी सावरला. ही दुसरी बाब डॉक्टरांनी आवर्जून सांगायला हवी; घाबरलेल्या बाईला तिचा फार आधार असतो.

घामाचं मूळही मेंदूतच आहे. शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की त्या उगाचच ‘शरीर तापलंय’ असा इशारा देतात, रक्तवाहिन्या फुलतात, घाम फुटतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी स्मरण आणखी ढिलं पडतं.

रा. वि.:
डिमेन्शियाबद्दल: भीती पसरली ती २००३ च्या अमेरिकन चाचणीमुळे. त्यात बायका ६५ किंवा त्याहून मोठ्या होत्या. गोळीत ०.६२५ मिग्रॅ. संयुक्त इस्ट्रोजेन आणि २.५ मिग्रॅ. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) होतं. साडेचार हजारांत डिमेन्शियाच्या ६१ केसेस: गोळी घेणाऱ्यांत ४०, न घेणाऱ्यांत २१. हा निष्कर्ष ४७ वर्षांच्या बाईला जसाच्या तसा लावणं चूक आहे. पाळी गेल्यावर लवकर उपचार सुरू केलेल्या चाचण्यांत स्मरणशक्तीचं नुकसान दिसलं नाही, पण फायदाही दिसला नाही. म्हणून घाम आणि झोपेसाठी घ्यावं, डिमेन्शिया टाळायला नको. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश काढले असतील तर गोष्ट वेगळी. मग निदान नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण ५१ पर्यंत, सहसा इस्ट्रोजेन देतात.

गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीच नको. अस्तर वाढून कॅन्सरचा धोका असतो. जोडीला अस्तर आवरणारं मायक्रोनाइज्ड (बारीक कणांचं) प्रोजेस्टेरॉन रोज देतात तेव्हा नेहमीचा डोस १०० मिग्रॅ., झोपताना. रात्री अशासाठी, की त्यापासून बनणारा अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदू शांत करणाऱ्या गाबा रिसेप्टरवर बसून गुंगी आणतो. थोड्या जणींना त्यानेच चिडचिड किंवा उदासी येते; तसं झालं तर परस्पर बंद करू नका, प्रकार किंवा क्रम बदलून घ्या.

गोळीऐवजी पॅच किंवा जेलचा विचार करा. गोळीतलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जातं आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी त्याचं बघा.

अनघा ७:
सगळं हार्मोनवर ढकलण्याआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) करा. अंगावरून जास्त जात असेल तर लोह हमखास घसरतं आणि डोकं जड होतं. घोरणं असेल तर झोपेतला श्वास तपासा. सर्दीच्या, झोप आणणाऱ्या जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्याही स्मरण बिघडवतात. दोन महिने वहीत तीनच गोष्टी लिहा: पाळीची तारीख, रात्री किती वेळा जाग आली, दिवसाचा मूड. पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण अशा बायकांना या काळात ते पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं किंवा रोजचा हिशोब न जमणं मात्र या वयात हार्मोनच्या खात्यावर टाकू नका. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टच हवा.