सीटीची सीडी नेमकी कुणाकडे मागायची? (बेळगाव) मदत हवी आहे

खानापूर_रोड: नमस्कार मंडळी. आमचे मामा खानापूर तालुक्यातले, वय ६२. बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात (नाव घेत नाही) त्यांच्या पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी झाला. स्वादुपिंडाजवळ काहीतरी दिसतंय म्हणून कोल्हापूरला सर्जनना दाखवलं. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून बघितल्या नि म्हणाले, "यावर ऑपरेशनचं ठरवता येत नाही. पूर्ण स्टडीची सीडी आणा, नाहीतर परत सीटी काढू."

परत काढायला जीव धजत नाही. मामांना शुगर आहे, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) १.८, म्हणजे वाढलेलं, आणि ते कॉन्ट्रास्टचं औषध किडनीतूनच बाहेर पडतं म्हणतात. दवाखान्यात गेलो तर बिलिंगवाले म्हणतात रेकॉर्ड रूमला जावा, रेकॉर्ड रूम म्हणते एक्स-रेला विचारा, एक्स-रेच्या खिडकीवरची पोरगी म्हणते डॉक्टरांची चिठ्ठी आणा. कुठल्या डॉक्टरांची? रिपोर्टखाली ज्यांची सही आहे त्यांना आम्ही पाहिलेलंच नाही. या विभागात कोण कुणाच्या हाताखाली असतं, कुणी सांगेल काय?

दुसरं, मामांचं गाव महाराष्ट्र सरकारच्या सीमाभागातल्या त्या ८६५ गावांच्या यादीत आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सीटी होईल का?

निपाणीचा_नातू: एवढी धावपळ कशाला ओ? दुसरा काढून टाका, चार हजारांत काम होतंय.

खानापूर_रोड: पैशाचा प्रश्न नाही भाऊ, क्रिएटिनिन वाचा की वरचं.

चिकोडी_टेक्निशियन: मी सीटीवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेकॉर्ड रूममध्ये ॲडमिट झालेल्यांचे कागद असतात. इमेज तिथं नसतातच, त्यामुळे ते तुम्हाला हाकलणारच. इमेज रेडिओलॉजीच्या (एक्स-रे, सीटीच्या विभागाच्या) सर्व्हरवर असतात, त्याला आम्ही पॅक्स म्हणतो. विभागाचा प्रमुख रेडिओलॉजिस्ट डॉक्टर. तो इमेज वाचून रिपोर्ट देतो, पेशंटला सहसा भेटत नाही. कित्येक ठिकाणी रात्रीचे रिपोर्ट बाहेरगावचा डॉक्टर ऑनलाइन देतो, म्हणून सही अनोळखी वाटते. खाली आम्ही टेक्निशियन, आणि आमच्यावर एक चीफ टेक्निशियन किंवा इन्चार्ज. खिडकीवरच्या पोरीच्या हातात फक्त नंबर आणि पावती, तिच्यावर चिडून उपयोग नाही. तुमचा माणूस म्हणजे इन्चार्ज.

सकाळी जाऊ नका. ओपीडी, ॲडमिट पेशंट आणि मध्येच ॲक्सिडेंटची केस, तेव्हा कुणी मान वर करत नाही. दुपारी तीननंतर सीटीच्या कन्सोल रूमपाशी (जिथून मशीन चालवतात ती खोली) जाऊन इन्चार्जना विचारा. यूएचआयडी नंबर (दवाखान्यानं पेशंटला दिलेला नंबर), सीटीची तारीख, मामांचं आधार आणि त्यांच्या सहीचं अधिकारपत्र जवळ ठेवा. अर्ज मराठी की कन्नड या वादात पडू नका, इंग्रजीत दोन ओळी लिहा. काही ठिकाणी सीडीचे पैसे घेतात, पावती मागा.

मागताना शब्द नीट वापरा: "डायकॉममध्ये पूर्ण स्टडी, थिन स्लाइससकट". डायकॉम म्हणजे सीटीच्या मूळ इमेजची फाइल, थिन स्लाइस म्हणजे पातळ काप. फिल्मवर निवडक काप छापलेले असतात. सर्जनला शिरा आणि गाठ यांच्यामधलं अंतर बघायचं असतं, त्याला मिलिमीटरभर जाडीचे काप लागतात. आणि हे लवकर करा. पातळ काप बऱ्याचदा मशीनच्या डिस्कवरच असतात, जागा भरली की जुने उडवले जातात. जाड काप सर्व्हरवर राहतील, पण सर्जन त्यावर पुन्हा नाक मुरडतील.

मिरजेची_ताई: तरी टाळाटाळ केली तर मेडिकल सुपरिंटेंडंटच्या नावे अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितलं की ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. अर्जात हे एक वाक्य घातलं की टेबलावरचा सूर बदलतो, स्वतः बघितलंय. आणि कृपा करून स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका, डॉक्टर त्यावर काही सांगू शकत नाहीत.

फुले योजनेचं म्हणाल तर ती ॲडमिट होऊन केलेल्या उपचारांच्या पॅकेजची आहे. ऑपरेशन त्यात बसलं तर त्यासाठीच्या तपासण्याही त्यातच येतात, नुसता ओपीडीतला सीटी धरत नाहीत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतीचा माणूस, बसतो. यादीतलं गाव, रेशन कार्ड सगळं आधी त्याला दाखवा, मग ॲडमिशनची तारीख घ्या. तारीख घेऊन नंतर धावलात तर अवघड होतं.

खानापूर_रोड: ताई, दादा, फार उपकार झाले. उद्या दुपारी जातोय. सीडीऐवजी पेनड्राइव्ह चालेल का? आमच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही.

चिकोडी_टेक्निशियन: व्हायरसच्या भीतीनं बाहेरचा पेनड्राइव्ह बहुतेक ठिकाणी लावू देत नाहीत. सीडीच घ्या, दोन प्रती. तुमच्या लॅपटॉपची चिंता नको, फक्त कोल्हापूरला ड्राइव्ह आहे का ते फोन करून विचारा. आणि निघण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरवर सीडी उघडून बघा. मामांचं नाव आणि इमेजची संख्या दिसली पाहिजे, शे-दोनशेच दिसल्या तर थिन स्लाइस आलेल्या नाहीत असं समजा, तिथंच परत मागा.