मधुचंद्रासाठी युरोप, दोघांत ४ लाख: काय ठेवू, काय गाळू?

रविवारकारंजा:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत लग्न आहे आणि १९ एप्रिल ते २ मे अशी दोघांचीही रजा मंजूर झालीय. घरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय, त्यामुळे विमान-व्हिसा सगळं धरून दोघांचे मिळून ४ लाख. होणाऱ्या नवऱ्याने एक्सेलमध्ये १२ रात्रींची आखणी केलीय: पॅरिस, स्वित्झर्लंडचं इंटरलाकेन, व्हेनिस, रोम, ॲमस्टरडॅम. मला ती वाचूनच दमायला झालं. सासूबाई म्हणतात ग्रुप टूर घ्या, जेवण तरी आपलं मिळेल. मी शाकाहारी, तो पट्टीचा मांसाहारी, आणि दोघांचीही पहिलीच परदेशवारी. स्वतः आखून कुणी जाऊन आलंय का?

खिडकीची_सीट:
एक्सेल वाचून वाटलं, नवरोबा कुठून तरी निवडणुकीला उभे आहेत आणि हा प्रचारदौरा आहे. (हलके घ्या.) स्वित्झर्लंड या बजेटमधून काढा. तिथे दोन दिवसांत जेवढे उडतील तेवढ्यात दुसरीकडे पाच दिवस निघतात.

दोन_बॅगा_एक_नवरा:
आम्ही लग्नानंतर बुडापेस्ट–व्हिएन्ना–प्राग केलं होतं. तीनच शहरं, आणि एकदाही कंटाळा आला नाही. बुडापेस्ट ते व्हिएन्ना रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत, व्हिएन्ना ते प्राग चारेक तास. मधे विमान नाही, पहाटे तीनला उठणं नाही. तिकिटं आधी काढली तर खूप स्वस्त पडतात, आयत्या वेळी तीच दुप्पट-तिप्पट. मुंबईहून विमान काढताना 'मल्टी-सिटी' निवडा, म्हणजे जाताना बुडापेस्टला उतरायचं आणि येताना प्रागहून निघायचं.

बहुतेक जण प्रागपासून सुरुवात करतात, तुम्ही उलटं करा. कारण तुमच्या तारखा! १ मेला प्रागमध्ये प्रेमिकांचा दिवस असतो. पेत्रशीन टेकडीवर माखा नावाच्या कवीचा पुतळा आहे, तिथे जोडपी फुलं वाहतात आणि बहरलेल्या झाडाखाली नवरा बायकोचं चुंबन घेतो, म्हणजे ती वर्षभर टवटवीत राहते अशी समजूत. फुकट आहे. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन असतं, तेवढं एक वर्ष चुकवा.

बुडापेस्टमध्ये २ नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाकाठाने जाते. अंधार पडल्यावर संसदेवर दिवे लागतात तेव्हा तिच्यात बसा, साध्या तिकिटात क्रूझचं काम होतं. सेचेनीचे गरम पाण्याचे हौद (१९१३ सालचे) महाग आहेत, तरी ते गाळू नका. टॉवेल आणि सपाता घरून न्या, तिथे घेतल्या तर उगाच भुर्दंड.

व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्याने बघायची तिकिटं त्याच दिवशी मिळतात, बसायच्या तिकिटांपुढे किरकोळ किमतीत. आम्ही गेलो तेव्हा आत गेल्यावर पुढच्या कठड्याला स्कार्फ बांधला की जागा आपली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तस्सं! माझी ओढणी त्या रात्री सार्थकी लागली. संगीतातलं ओ की ठो कळलं नाही, पण नवरा मध्यंतरापर्यंत जागा होता. शोनब्रुन राजवाड्याची बाग फुकट आहे, आतल्या खोल्या आम्ही सोडल्या.

फॉर्म_भरणारा:
व्हिसाचं सांगतो. या तिन्ही देशांना मिळून एकच व्हिसा. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे रात्रींवर ठरतं, जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे. बुडापेस्ट ४, व्हिएन्ना ३, प्राग ५ केलंत तर चेककडे. फी माणशी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटची मारामारी असते.

महत्त्वाचं: लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई करू नका, माहेरचं नाव चालतं. तिकीट, विमा, हॉटेल सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच नाव, अक्षरन् अक्षर. विवाह नोंदणी लगेच झाली तर दाखला जोडा.

मेतकूटभात:
शाकाहारी म्हणून घाबरू नका. हंगेरीत लांगोश खा: भटुऱ्याचा थोरला भाऊ, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. प्रागमध्ये 'स्माझेनी सीर', म्हणजे चीजचं कटलेट समजा. सूप मात्र विचारून घ्या, भाज्यांचं असलं तरी पाणी मांसाचं असू शकतं. सोमवार ते शुक्रवार दुपारी बऱ्याच हॉटेलांत ठरावीक जेवण स्वस्तात असतं. मुख्य जेवण तेव्हाच करा आणि रात्री सुपरमार्केटचा पाव-चीज. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद, स्टेशनवरची उघडी सापडतात.

थेपले, पोह्यांची पाकिटं न्या. साजूक तूप, पेढे, बर्फी नको, बाहेरून दुधामांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. माझी तुपाची बरणी विमानतळावर गेली. आईला अजून सांगितलेलं नाही.

खिडकीची_सीट:
आणखी एक. कार्ड घासताना मशीन विचारेल, रुपयांत घेऊ की फोरिंटमध्ये? कायम तिथलं चलन निवडा, रुपये म्हटलं की दर मनमानी लावतात. आणि 'डबल बेड' म्हणजे बऱ्याचदा दोन गाद्या जोडलेल्या आणि दोन वेगळी पांघरुणं. मधल्या फटीला घाबरू नका.

दोन_बॅगा_एक_नवरा:
फट! 😂 आम्ही तिथे मोबाइल हरवला होता. हो, सोनं घरी ठेवा, काळी पोत पुरे. आणि मोठी बॅग नको, प्रागच्या दगडी रस्त्यांवर चाकं गचके खातात. माझ्या नावातल्या दोन बॅगांपैकी एकीचं चाक तिथेच राहिलं.

रविवारकारंजा:
सगळ्यांचे मनापासून आभार. एक्सेल रद्द! बुडापेस्ट ४, व्हिएन्ना ३, प्राग ५ ठरलं. रोमसाठी तो अर्धा दिवस रुसला होता, १ मेचं वाचून दाखवल्यावर आला ताळ्यावर. सासूबाईंना लांगोशचा फोटो दाखवला, "हे तर आपलंच," म्हणाल्या. व्हिसाची अपॉइंटमेंट लग्नानंतर पाचव्या दिवशीची मिळालीय. चालेल ना?

फॉर्म_भरणारा:
तारीख चालेल, मेंदी चालणार नाही! बोटांचे ठसे घेतात. टोकांवर रंग असला की ते नीट उमटत नाहीत आणि परत बोलावतात. आमच्या वहिनीच्या दोन फेऱ्या झाल्या.

रविवारकारंजा:
अरे देवा. मेंदीवालीला आत्ताच फोन केला, बोटांची टोकं कोरी ठेवायला सांगितलीत. आजी शेजारीच बसली होती. "व्हिसाबाई कोण एवढी, मेंदीला नाही म्हणणारी?" असं विचारतेय.